विश्लेषण : बेडकांचा आवाज कमी झाला, म्हणजे बेडूक कमी झाले का?

वारंगा फाटा म्हटलं की अनेकांना आधी खिचडी आठवते. हिंगोली जिल्ह्यातला हा फाटा म्हणजे अकोला-नांदेड आणि नागपूर-तुळजापूर या दोन महामार्गांची गाठ. जून उजाडला की अशा गावांकडून एक ठरलेली पोस्ट फिरू लागते, ‘पूर्वी पहिल्या पावसात बेडकांमुळे झोप लागायची नाही, आता आवाजच नाही.’ 

काळजी निराधार नाही. 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात 8,011 उभयचर प्रजाती तपासल्या गेल्या, त्यातल्या सुमारे 41 टक्के धोक्यात निघाल्या. पण हे गणित प्रजातींचं आहे. एका तळ्यातल्या बेडकांचं काय चाललंय, हे त्यातून कळत नाही आणि नुसत्या आवाजावरूनही कळत नाही. ओरडतात ते प्रामुख्याने नर, तेही विणीच्या काळात. पाऊस लांबला तर तेवढेच बेडूक गप्प राहू शकतात. खरं चित्र हवं असेल तर वय, वाढ आणि जगण्याचं प्रमाण, तिन्ही मोजावं लागतं.

वय कसं कळतं?

बैलाचं वय शेतकरी दात बघून सांगतो. बेडकाच्या बाबतीत आकार बघून अंदाज बांधण्याचा मोह होतो, पण तो फसवा आहे. प्रजननक्षम झाल्यावर बेडकाची वाढ मंदावते, त्यामुळे तीन वर्षांचा आणि सहा वर्षांचा बेडूक जवळपास सारखेच दिसू शकतात. शिवाय अनेक प्रजातींत मादी नरापेक्षा मोठी असते.

खरी नोंद हाडात असते. वर्षातल्या ज्या काळात वाढ थांबते, त्या काळाची बारीक रेघ हाडात उमटते, झाडाच्या खोडातल्या वलयासारखी. बोटाच्या टोकाचं हाड घेऊन, आम्लात मऊ करून, पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली या रेघा मोजतात. बेडकाला मारावं लागत नाही. थंड देशांत हे सोपं, कारण हिवाळ्यात वाढ थांबतेच. उष्ण प्रदेशात ही पद्धत चालेल का, अशी शंका होती. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातले कुंबार आणि पंचरत्ना यांनी 2001 मध्ये ‘मायक्रोहायला ऑर्नाटा’ या चिमुकल्या बेडकाचं वय याच पद्धतीने काढून दाखवलं.

मराठवाड्यात मात्र एक मेख आहे. कोरडवाहू रानात बेडूक उन्हाळाभर जमिनीत दडून बसतो, तिथे रेघ उमटायला हवी. पण इसापूर धरणाच्या कालव्याखालच्या, बारमाही ओल असलेल्या हळदीच्या शेतात त्याची वाढ तशीच थांबते का? तपासल्याशिवाय ‘रेघ म्हणजे वर्ष’ असं धरता येत नाही. त्यात हाडाच्या आतल्या बाजूच्या जुन्या रेघा कधी कधी झिजून जातात आणि म्हातारा बेडूक तरुण ठरतो.

किती जगले, हे कसं मोजायचं?

घोळ इथेच जास्त होतो. समजा, एका शेततळ्यावर यंदा 60 प्रौढ बेडूक ओळखून ठेवले. पुढच्या जूनमध्ये त्यातले 18 दिसले. म्हणजे 30 टक्के जगले? नाही. अंधारात, गवतात, पाण्यात शोधताना हजर असलेल्यांपैकी निम्मेच नजरेस पडत असतील, तर जिवंत 36 होते. म्हणजे 60 टक्के.

हा फरक किरकोळ नाही. नवीन भर पडली नाही, तर 30 टक्क्यांच्या हिशेबाने 100 प्रौढांचे तीन वर्षांत 3 उरतात. 60 टक्क्यांनी 22. पहिल्या तळ्यात एकदोन पावसाळे विणीविना गेले की संपलं, दुसरं तळं सावरू शकतं.

मग ‘निम्मेच दिसतात’ हे कसं ठरवायचं? जो बेडूक पहिल्या वर्षी दिसला, दुसऱ्या वर्षी नाही आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा दिसला, तो दुसऱ्या वर्षी जिवंत होता, फक्त आपल्याला चुकला. अशा नोंदींवरून जगणं आणि दिसणं वेगळं करण्याची रीत कॉरमॅक, जॉली आणि सेबर या संख्याशास्त्रज्ञांनी 1964-65 मध्ये बसवली. त्यासाठी किमान तीन हंगाम लागतात. एका पावसाळ्याच्या पाहणीवरून ‘इतके टक्के मेले’ असं कुणी सांगत असेल, तर थांबून विचारावं. दुसऱ्या तळ्यावर निघून गेलेला बेडूकही या हिशेबात मेलेलाच धरला जातो, तेही लक्षात ठेवायला हवं. वाढीचा आकडा मात्र यातूनच मिळतो. तोच बेडूक पुन्हा हाती लागला की लांबी परत मोजायची.

प्रौढ बेडूक का महत्त्वाचे?

मोठ्या बेडकाची मादी हजारोंनी अंडी घालते, त्यातली बहुतेक पिल्लं मोठी होतच नाहीत. म्हणून विणीला निघालेला प्रौढ मेला तर नुकसान मोठं. 1987 मध्ये भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, त्याआधी पकडले जायचे ते असेच मोठे बेडूक. गोव्यात पहिल्या पावसात ‘जम्पिंग चिकन’साठी होणारी चोरटी शिकार त्याच वेळी गाठते. नागपूर-तुळजापूर मार्गाच्या चौपदरीकरणात वारंगा ते महागाव हा एक टप्पा होता. रस्ता रुंद झाला की ओलांडायचं अंतर वाढतं, आणि पहिल्या पावसाच्या रात्री तळ्याकडे निघतात ते प्रौढच.

ओळख पटवण्यासाठी पूर्वी बोटं कापायचे. पण मॅकार्थी आणि पॅरिस यांच्या 2004 च्या विश्लेषणात पहिल्यानंतरच्या प्रत्येक कापलेल्या बोटामागे बेडूक पुन्हा सापडण्याची शक्यता 4 ते 11 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. म्हणजे मोजणीच मोजमाप बिघडवत होती. आता पाठीवरच्या ठिपक्यांचे फोटो जुळवतात. तारीख आणि ठिकाणासह वरून काढलेला स्पष्ट फोटो त्यासाठी पुरतो, मोबाइलचाही चालतो. सरसकट मातकट दिसणाऱ्या भेकांवर मात्र ही युक्ती फारशी चालत नाही.