जुन्या आवृत्तीचा हक्क

मराठी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते तेव्हा सहसा काय बदलते? मुखपृष्ठ, किंमत, फार तर लेखकाचे चार ओळींचे नवे मनोगत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या ग्रंथांबाबत मात्र 'आवृत्ती' हा शब्द निराळ्याच अर्थाने वापरला जातो. तेथे नवी आवृत्ती म्हणजे नवा ग्रंथ. नाव तेवढे जुने.

हा खेळ ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात, एक सूत्रधार होतो, बाकीचे योद्धा, जादूगार, चोर अशा भूमिका घेतात आणि बोलता बोलता एक अद्भुतकथा घडत जाते. बेत साधला की फसला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. त्या फाशाचा कौल कसा वाचायचा, याचे नियम ग्रंथांत असतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

प्रकाशकाची अडचण या रचनेतच आहे. नियमांचा एक संच घेतला की त्यावर वीस वर्षे खेळता येते, आणि तोही पुष्कळदा सूत्रधारानेच घेतलेला असतो. सबब काही वर्षांनी नवी आवृत्ती काढणे प्रकाशकाला भागच पडते. 'हा निव्वळ पैसे उकळण्याचा धंदा आहे' ही खेळाडूंची नेहमीची तक्रार आम्हांला फारशी पटत नाही. पुस्तके विकणे हा प्रकाशकाचा धर्मच आहे. शिवाय काही बदल खरोखरच हिताचे होते. २००० सालापूर्वी चिलखताचा आकडा जितका कमी तितके संरक्षण अधिक, असा उफराटा हिशेब होता. तिसऱ्या आवृत्तीने तो सुलटा केला. काही बदल भित्रेपणाचे होते. धर्मनिष्ठांच्या ओरड्यामुळे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून सैतानी जीव गाळले गेले आणि पुढे नवी, उच्चारायला अवघड नावे धारण करून परत आले. (सैतानाला टोपणनाव दिल्याने कोणाचा आत्मा वाचला, कोण जाणे!) असो.

खरा प्रश्न नवी आवृत्ती काढण्याचा नाही; जुनीचे काय करायचे, हा आहे.

तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या प्रकाशनसंस्थेने एक विलक्षण गोष्ट केली. नियमांचा गाभा तिने मुक्त परवान्याखाली खुला केला; त्यावर आधारलेली पुस्तके कोणीही काढावीत, विकावीत. २००८ साली चौथी आवृत्ती आली. तिने सर्व वर्गांच्या पात्रांना जवळजवळ एकाच साच्यात बसवले, पूर्वीच्या ग्रंथातल्या नोम आणि अर्ध-ऑर्क या जमाती पहिल्या ग्रंथातून वगळल्या आणि परवानाही पूर्वीपेक्षा जाचक केला. ही आवृत्ती तिच्या कुप्रसिद्धीइतकी वाईट नव्हती, असे आमचे मत आहे; लढाईचे नियम म्हणून ती फार नेटकी होती. परंतु या खेळाची अधिकृत मासिके २००७ पर्यंत चालवणाऱ्या 'पायझो' या संस्थेने जुन्या परवान्याचा आधार घेतला, तिसऱ्या आवृत्तीचेच नियम दुरुस्त करून २००९ साली 'पाथफाइंडर' या नावाने छापले आणि असंख्य खेळाडू तिकडे गेले. मालकाने टाकून दिलेला पाठ वाचकांनी जिवंत ठेवला. २०१४ साली पाचवी आवृत्ती आली तेव्हा तिने जुन्या वळणांशी बरीच जवळीक साधली, ती उगाच नव्हे.

जानेवारी २०२३ मध्ये तोच परवाना रद्दबातल ठरवू पाहणारा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरांहून अधिक विक्री करणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर मानधन घेण्याचे कलमही त्यात होते. गदारोळ झाला, आणि महिना संपायच्या आत संस्थेने पाचव्या आवृत्तीचा गाभा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली कायमचा मोकळा केला.

याहून सूक्ष्म प्रसंग ऑगस्ट २०२४ मधला, आणि आम्हांला तो अधिक गंभीर वाटतो. नवे नियमग्रंथ यायचे होते. संस्थेच्या संकेतस्थळावर असंख्य खेळाडूंनी २०१४ ची पुस्तके पैसे मोजून घेतलेली होती आणि आपली पात्रे तेथेच नोंदवली होती. त्या पात्रांच्या नोंदींतले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू काढून त्यांच्या जागी नवे पाठ बसवले जातील, असे जाहीर झाले. छापील पुस्तकाच्या बाबतीत हे करायचे, तर प्रकाशकाला तुमच्या घरात शिरून पाने फाडावी लागतील. आम्ही पाठचिकित्सा शिकवतो. हस्तलिखितात नकलकाराने मनाचे चार शब्द घुसडले, तरी दुसऱ्या पोथीशी ताडून ते पकडता येतात, कारण दुसरी पोथी कोठेतरी असते. सर्व प्रती एकाच संगणकावर एकाच रात्री बदलल्या, तर ताडायचे कशाशी?

येथेही विरोध झाला आणि काही दिवसांतच तो बेत सोडून देण्यात आला. २०२४ च्या ग्रंथांत 'वंश' या शब्दाऐवजी 'प्रजाती' आला, हा बदल आम्हांला योग्यच वाटतो. तरीही २०१४ चा ग्रंथ, त्यातल्या जुन्या शब्दासकट, ज्याने विकत घेतला त्याच्याकडे तसाच राहिला पाहिजे. आमच्याकडची त्याची प्रत शिवणीत उसवली आहे, आणि तीवरच आम्ही खेळतो.