१३ वर्षांचं पिल्लू आणि मोडका जबडा

आपल्या घरातला कुत्रा कधी म्हातारा होतच नाही. म्हणजे होतो, पण आपल्या लेखी तो ‘पिल्लू’च! फक्त त्याच्या तोंडाला वास यायला लागला, की मात्र बरेच जण ‘वय झालंय आता’ म्हणून मोकळे होतात. घोळ नेमका इथेच सुरू होतो.

माझ्या मावशीचा गोट्या, जातीने पॉमेरेनियन, वय वर्षं १३. परवाच्या पावसाळ्यात सोफ्यावरून उतरला काय आणि खालचा जबडा एका बाजूला लटकला काय! ‘एवढ्याशा उडीने?’ मावशी रडकुंडीला आलेली. मी सोबत गेले होते. एक्स-रे बघितल्यावर उलगडा झाला. उडी नुसती निमित्त होती.

छोट्या जातींच्या कुत्र्यांचा जबडा नाजूक, पण दाढा मोठ्या. खालच्या मोठ्या दाढेची मुळं जवळजवळ जबड्याच्या तळापर्यंत पोचतात. हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षं त्या मुळांभोवतीचं हाड पोखरत राहतो. मग उडी, भांडण, कधी कधी तर दाढ काढतानाचा दाबही पुरतो.

तरुण कुत्र्याचा जबडा अपघातात मोडला, तर प्लेट-स्क्रू लावता येतात किंवा शेजारच्या दातांना वायर बांधून वर अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवता येते. म्हाताऱ्यांची पंचाईत अशी, की स्क्रूला धरायला धड हाड नाही आणि वायर बांधायला धड दात नाहीत! म्हणून आधी मोडलेल्या जागेतला सडका दात काढायचा, जखम साफ करायची, हिरडी शिवायची. मग काही आठवडे तोंडाला चिकटपट्टीचं मुसकं, जीभ बाहेर काढून पाणी पिता येईल एवढं सैल. (पगसारख्या चपट्या तोंडाच्या मंडळींना हे चालत नाही.) हाड जुळलंच नाही, तर कधी कधी जबड्याचा तेवढा भाग काढून टाकतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यानंतरही बरेच कुत्रे मजेत जेवतात.

मावशीचं घोडं अडलं ते भुलीपाशी. ‘या वयात झेपेल का हो त्याला?’ डॉक्टर म्हणाले, ‘वय म्हणजे आजार नाही. रक्त, किडनी, हृदय तपासू, मग ठरवू. पण तो सडका दात तसाच ठेवला तर दुखणं थांबणार नाही.’ रिपोर्ट बरे आले आणि मावशीने सही केली.

आता गोट्याचा जबडा किंचित तिरका आहे, जीभ कायम डावीकडून डोकावते. पण खिमटाचा वाडगा चाटूनपुसून लख्ख!

तेव्हा मंडळी, ब्रश रोज. पेस्ट मात्र कुत्र्यांचीच. आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते त्यांना विष. आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. तुमच्याकडच्या ‘पिल्ला’ला किती उरलेत, या वीकेंडला जरा बघा!