खेळण्यातला छर्रा

मागच्या महिन्यात अंधेरीत आमच्या इमारतीच्या आवारात एक कवडा पडला होता. पोटात छर्रा रुतलेला. बराच वेळ तडफडून तो गेला. एअरगन कुणाची, हे लगेच कळले. मुलाचे वडील म्हणाले, "लायसन्स लागत नाही हो, खेळणंच आहे ते."

लायसन्स लागत नाही, हे खरे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूल यांच्या आतल्या एअरगनला परवान्याची गरज नाही. पण ही मर्यादा बंदुकीची आहे, पाखराच्या जिवाची नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला, तर १० ज्यूल ऊर्जा भरते. पाखरू मारायला एवढी पुरते, पण नेम चुकला तर पटकन मारायला पुरत नाही. मोठ्या शिकारीची मऊ टोकाची गोळी आत शिरल्यावर फुलते आणि रुंद जखम करते. हा छर्रा बारीक भोक पाडतो. हृदयात बसला तर क्षणात मरण. दोन बोटे मागे, पोटात बसला, तर पाखरू उडून जाते आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास मरते. शाळकरी पोराकडून दोन बोटांची अचूकता कशी मागायची?

आपल्या फिकहला हा प्रश्न नवा नाही. अदी इब्न हातिम यांच्या हदीसमध्ये धारेने मेलेली शिकार आणि आडव्या माराने मेलेली शिकार यांत फरक केला आहे. दुसरी खायची नाही. सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीतही मार लागून मेलेले जनावर हराम आहे. म्हणूनच अनेक हनफी उलेमांनी गोळीने मेलेली शिकार जबह केल्याशिवाय नाकारली. काहींनी भेदून जाणाऱ्या गोळीला मुभा दिली. मतभेद असोत. जीव कसा गेला, हे विचारणे मात्र दोघांनीही सोडले नाही.

सालिम अलीसुद्धा लहानपणी मुंबईत एअरगनने चिमण्या मारत. एकीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाल्लेली चालेल का, अशी शंका येऊन ते मामा अमिरुद्दीन तय्यबजींकडे गेले आणि तिथून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचले. पोराने प्रश्न विचारला आणि मोठ्यांनी तो झटकला नाही.

तेव्हा आजचा कायदा नव्हता. आज १९७२ च्या कायद्यानुसार वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. बंदुकीला परवाना नको, म्हणून पाखराचा जीव घ्यायची परवानगी मिळत नाही. मुलाला नेमबाजीच शिकवायची असेल, तर भिंतीवर कागद लावा. आणि कवडा पडला, तर त्याला उचलायला मुलालाच खाली पाठवा.