फ्लेक्स उतरला, अंक कुठे गेले?

चळवळीतला माणूस गेला की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. गेलेल्याचा फोटो असतोच, पण खाली अभिवादन करणाऱ्यांची रांग त्याहून मोठी! पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गर्दी होते. 'पोकळी निर्माण झाली' हे वाक्य किमान चार वक्ते बोलतात. मग फ्लेक्स उतरतो. कालकथिताच्या घरातली पुस्तकांची कपाटे मात्र तशीच उभी असतात आणि त्यांचे काय करायचे, हे कोणीच ठरवत नाही.

27 मार्च 2018 रोजी डॉ. गंगाधर पानतावणे गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती, म्हणून एरवी आपल्याकडे न बघणाऱ्या वृत्तपत्रांनीही दखल घेतली. जणू पद्मश्री हीच त्यांची ओळख! नागपुरात जन्मलेल्या या माणसाने औरंगाबादेत राहून 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक जवळपास पन्नास वर्षे चालविले. मागे कोणी भांडवलदार नाही, जाहिराती नाहीत. प्रस्थापित नियतकालिकांचे दार ज्यांना बंद होते, अशा किती तरी पोरांचे नाव पहिल्यांदा तिथे छापून आले. आज विद्यापीठे दलित साहित्यावर पीएच.डी. देतात, त्याचा पाया या अंकांत आहे. पण हेच अंक मी एका रद्दीवाल्याकडे किलोच्या भावात पाहिले. घर रिकामे करताना पोरांनी दिले म्हणे. पोरांना दोष कसा द्यायचा? त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

राजा ढाले 16 जुलै 2019 रोजी गेले. लोकांना आठवतो तो 1972 चा 'साधना'तला लेख आणि पँथर. ते बरोबरच आहे. पण ढाले मुळात लघुअनियतकालिकांचे माणूस. 'येरू', 'तापसी', 'चक्रवर्ती' यांच्या प्रती निघत त्या मोजक्याच. हरवल्या की हरवल्या.

25 ऑगस्ट 2021 रोजी कासेगावात डॉ. गेल ऑम्व्हेट यांचे निधन झाले. अमेरिकेत जन्मलेल्या, 1983 मध्ये भारताच्या नागरिक झालेल्या गेलताईंनी बर्कलेच्या विद्यापीठात पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला. कोणीतरी जपलेले जुने कागद नसते, तर तो कशाच्या आधारावर लिहिला असता?

खुद्द बाबासाहेबांच्या कागदांचे काय झाले? महापरिनिर्वाण 1956 चे, आणि शासनाचा पहिला खंड निघाला 1979 मध्ये. मधली तेवीस वर्षे गेली. वसंत मून यांच्यासारखा संपादक त्या हस्तलिखितांच्या मागे लागला नसता, तर आज आपण काय वाचत असतो? मूनसाहेबही 2002 मध्ये गेले. 2021 मध्ये याच खंडांची छपाई रखडली म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

शासनाला जाब विचारूच. पण आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात एक लोखंडी कपाट ठेवायला कोणाची परवानगी लागते? एका फ्लेक्सचा खर्च वाचवला तर जुने अंक स्कॅन करायला सुरुवात होईल.

माझ्या घरी 'अस्मितादर्श'चे अकरा अंक निघाले, दोघांना वाळवी लागलेली. तुमच्या माळ्यावर काय आहे, ते या रविवारी काढून बघा.