जालन्यातील ‘हायब्रीड’: एका मोटारीच्या निमित्ताने

‘हायब्रीड’ हा शब्द जालन्याला मोटारींच्या जाहिरातींनी शिकवलेला नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे आपली महिको, स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथील शेतकऱ्याला हा शब्द त्याच्या नफ्यातोट्यासह ठाऊक आहे. संकरित वाणाच्या पहिल्या पिढीचा जोम तो जाणतो; त्याच दाण्याचे पुढच्या वर्षी बियाणे धरता येत नाही, पिशवी पुन्हा विकतच घ्यावी लागते, हेही जाणतो. घरोघरी तर या शब्दाचे केव्हाच विशेषण झाले. हायब्रीड ज्वारीची भाकरी चवीला उणी, म्हणून नुसत्याच उंच वाढलेल्या, अंगात दम नसलेल्या पोरालाही ‘हायब्रीड’ म्हणायचे! एका परक्या शब्दावर मराठीने केलेली ही समीक्षाच होय.

तोच शब्द आता प्राध्यापकांच्या गप्पांत मध्यम आकाराच्या कौटुंबिक एसयूव्हीच्या रूपाने परतला आहे. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा ही २०२२ सालची जुळी भावंडे त्यात अग्रभागी. (तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे सहकारी या गप्पांत केवळ श्रोते असतात, ही गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर.) अशा गाडीचे मूल्यमापन करताना वाहनतज्ज्ञ आसनांचे कातडे आणि पडद्याची रुंदी मोजतात. साहित्याच्या अभ्यासकाने आधी शब्द तपासावा.

पहिली गफलत येथेच आहे. या गाड्यांचे ‘माइल्ड’ आणि ‘स्ट्राँग’ असे दोन संकरित प्रकार विकले जातात. माइल्ड प्रकारात विजेची छोटी यंत्रणा इंजिनाला केवळ हातभार लावते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. स्ट्राँग प्रकारात दीड लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनाच्या जोडीला खरोखरीची विद्युत मोटर असते आणि काही अंतर गाडी इंजिन बंद ठेवून चालते. दोहोंना एकच नाव देणे म्हणजे ओवीला आणि ओवीसारख्या दिसणाऱ्या गद्याला एकाच रकान्यात बसवणे.

दुसरी गफलत ‘सेल्फ-चार्जिंग’ या बिरुदाची. गाडी स्वतःच प्रभारित होते हे खरे; पण ती वीज येते कुठून? इंजिनातून, आणि ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणाऱ्या गतीतून. ही गती तरी मुळात पेट्रोलनेच दिलेली. म्हणजे पंपाखेरीज या गाडीला दुसरा दाता नाही. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२० साली हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा ठरवला होता. आपल्याकडील करव्यवस्थाही या गाडीला विजेची मानत नाही. सप्टेंबर २०२५ पासूनच्या रचनेत विद्युत मोटारीवर जीएसटी ५ टक्के, तर चार मीटरहून लांब असलेल्या या वर्गावर ४० टक्के.

याचा अर्थ यंत्र वाईट आहे असा नव्हे. उलट, त्यातील अभियांत्रिकी थक्क करणारी आहे. बॅटरी एका युनिटहूनही कमी क्षमतेची, म्हणून चार्जिंगची विवंचना नाही. प्रमाणित चाचणीतील आकडा लिटरला २७.९७ किलोमीटरचा. प्रश्न आहे तो, कोणत्या रस्त्यावर? कुंडलिकेच्या पुलावरून जुन्या जालन्यातून नव्या जालन्यात जाताना, मोंढ्यातील गाड्यांच्या गर्दीत, क्षणोक्षणी थांबावे लागते. तेथे ही गाडी आपले सर्व गुण दाखवते. समृद्धी महामार्गावर मात्र १२० च्या वेगाने सलग जाताना ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचे काय? हवेचा विरोध वाढतो, इंजिन अखंड चालते आणि संकराचा लाभ आटत जातो. आपल्याकडे ही गाडी घेण्याची प्रेरणा मात्र बहुधा समृद्धीचीच असते!

राहिला ‘कौटुंबिक’ हा शब्द. स्ट्राँग प्रकारात बॅटरीसाठी मागची जागा दिली आहे; सामानाचा कप्पा साध्या आवृत्तीहून बराच लहान. मराठवाड्यातील कुटुंब राजूरच्या गणपतीला किंवा जांबसमर्थला जाऊन गावाकडून परतते तेव्हा सोबत ज्वारीचे पोते, तुरीची डाळ आणि एखादी आजी असते. मागच्या आसनावर मधोमध बसणाऱ्या आजीचा विचार ज्या आराखड्यात दुय्यम, त्याने कल्पिलेले कुटुंब चौघांचे आणि दोन बॅगांचे आहे.

जो रोज गावातच तीस-चाळीस किलोमीटर फिरतो आणि गाडी आठ-दहा वर्षे वापरणार आहे, त्याने स्ट्राँग प्रकार जरूर घ्यावा. महिन्यातून दोनदा मुंबई वा नागपूर गाठणाऱ्याने केवळ इंधनाच्या बचतीसाठी जादा पैसे मोजू नयेत. आणि टोयोटाची बॅटरीवरील हमी आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची आहे. त्यानंतर ती कोण बदलणार, कितीला, आणि गावातला ओळखीचा मेकॅनिक तिला हात लावू शकेल का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने आपल्या शेजारच्या बिडकीन येथील प्रकल्पासाठी राज्य शासनाशी करार केला. संकरित गाड्या उद्या तासाभराच्या अंतरावर तयार होऊ लागल्या, तरी हे प्रश्न विचारावेच लागतील. बियाण्याच्या दुकानात पिशवी उलटी करून बारीक अक्षरे वाचणारा शेतकरी ते आजही विचारतो.