सही करायच्या आधी विचारा, काय लिहिलंय

'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. त्या नावाचा वेगळा गुन्हाही नव्या न्याय संहितेत नाही. फसवणूक, तोतयेगिरी, खंडणी हीच कलमं लावावी लागतात. मला त्यात वावगं वाटत नाही. चोर रोज नवं सोंग आणणार, कायद्याने किती बारशी करायची?

माझा आक्षेप पुढे आहे. पैसे गेले की आधी १९३० ला फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच अडवता येते. मग ठाणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे 'आमची हद्द नाही' हे उत्तर चालत नाही. तोंडी तक्रार लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, मग सही, प्रत फुकट.

पण खानापूरची मावशी सांगणार मराठीत, लिहिलं जाणार कन्नडात. वाचून दाखवलं तरी तिला काय कळणार? खातं नंबर, वेळ, रक्कम चुकली तर? न कळलेलं वाचन मी वाचन मानत नाही. घटनेचं कलम ३५० गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडू देतं. तेव्हा मराठी अर्ज लिहून न्या, पोच घ्या, मराठीत अर्थ कळल्याशिवाय सही नको. आणि आपण शाळेत कन्नड शिकलोय ना? मग मावशीबरोबर ठाण्यात आपल्यापैकी कुणीतरी जायचं.