गवताळ पाण्यातली दुपार

जोहरनंतरचे कडक ऊन म्हणजे गळ गुंडाळून घरी परतायची वेळ, असे आपल्याकडे बरेच जण मानतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात मात्र अशाच दुपारी काही लोक गवताने भरलेल्या पाण्याकडे निघतात. त्यांना हवा असतो लार्जमाउथ बास. हिरवट अंग, कुशीवर काळसर पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. आपल्या मरळीसारखाच तो गवतात दबा धरतो आणि जवळ आलेला लहान मासा किंवा बेडूक गिळतो.

तिथले ओकीचोबी सरोवर सुमारे 1,900 चौरस किलोमीटर पसरले आहे, पण सरासरी खोली जेमतेम 9 फूट. उथळ पाण्यात गवत माजते. त्यातला हायड्रिला तुम्ही शाळेत पाहिला असेल. नरसाळ्याखाली ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखवतात, तीच ही वनस्पती. आपल्या तळ्यांत ती मूळचीच आहे. 1950 च्या दशकात शोभेच्या मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात पोचली आणि कालवे तुंबवू लागली. बासला मात्र तिच्याखाली सावली मिळाली. म्हणून दुपारी तो उघड्या पाण्यात शोधू नये. गवताची कड, त्यातली मोकळी भोके आणि दाट छताखालचा अंधार, तिथेच तो असतो.

तिथे साधा गळ चालत नाही, क्षणात गवतात अडकतो. त्यासाठी पोकळ रबरी बेडूक असतो. त्याचे दोन्ही आकडे पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळे तो गवतावरून सरकतो. तो हळूहळू ओढायचा, मोकळ्या जागी क्षणभर थांबवायचा. एकाएकी पाणी उसळते. नवखा माणूस त्याच क्षणी काठी झटकतो आणि बेडूक रिकामा परत येतो. दोरीला वजन जाणवेपर्यंत दम धरावा लागतो.

खरी कसोटी यापुढे आहे. गळ लागताच बास गवतात बुडी मारतो. दोरी बारीक असेल तर तुटते. आपला एक बेडूक गेला, एवढेच आपल्याला वाटते. पण तोंडात आकडा घेऊन मासा गवतात अडकून राहतो. म्हणून जाणकार अशा पाण्यात 50 ते 65 पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी आणि ताठ काठी वापरतात. मासा लवकर बाहेर येतो, त्याचे हाल कमी होतात.

तिथला कायदा दिवसाला 5 बास ठेवू देतो, त्यांत 16 इंच किंवा त्याहून मोठा एकच. बाकीचे सोडायचे, तेही ओल्या हातांनी आणि झटपट. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. फोटोसाठी मासा हवेत धरून ठेवला, तर सोडलेलाही जगेल याची खात्री नाही.

मासा आपल्याला हलाल आहे आणि त्याला जबहची अट नाही. पण या सवलतीतून त्याला तडफडत ठेवायची मुभा मिळत नाही. खायचा असेल तर लगेच मारावा, सोडायचा असेल तर लगेच सोडावा. मुलांच्या हाती पहिली काठी देताना गाठ बांधायला शिकवतोच. दोरी कोणती आणि का, हेही तेव्हाच सांगावे.